चेनच्या कव्हरचं बायबल आणि माझी रुजुवात

साडेपाचशे रुपये. काळं चेनचं कव्हर, कडांना सोनेरी मुलामा, खुणेसाठी दोन फिती, शेवटी रंगीत नकाशे. तळटीपांसह मराठी पवित्र शास्त्र, दोन्ही करार मिळून 66 पुस्तकं. नाताळच्या आधी सोलापुरात सात रस्त्याकडे टेबल मांडून बसलेल्या एका पोराकडून घेतलं. मी पानं चाळतोय बघून तो म्हणाला, "घ्या काका बिनधास्त, एकदम ओरिजिनल आहे." मी म्हटलं, "ओरिजिनल कुणाकडंच नाही रे बाबा, नक्कल कशी आहे ते बघतोय." त्याला वाटलं म्हातारा डुप्लिकेट माल मागतोय. दहा रुपयेसुद्धा कमी केले नाहीत.

प्रकाशकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बांधणीबद्दल तक्रार आहे, आणि एका प्रतीवरून कुणाला पिंजऱ्यात उभं करणं बरं नव्हे.

घरात आजीचं बायबल असताना हे का घेतलं, तर पुतण्यामुळे. तो पुण्याला नोकरीला आहे. त्याच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलं, 'बायबलमधली वचनं गुपचूप काढून टाकलीत, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 8 व्या अध्यायात 36 व्या वचनानंतर एकदम 38 वं.' त्याने रात्री साडेअकराला फोन केला. "काका, आपण लहानपणापासून वाचतोय ते खरंच तसंच आहे का हो?" पाळकसाहेबांना न विचारता मला विचारलं, कारण माझी सगळी नोकरी एका कोर्टाच्या नक्कल खात्यात गेली. मी रुजुवात कारकून होतो. म्हणजे एकाने नक्कल लिहायची, दुसऱ्याने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, आणि मी नकलेवर पेन्सिल फिरवत जायचं. चुकलं तिथे दुरुस्ती, दुरुस्तीवर सही, आणि शेवटी 'रुजुवात घेतली'.

तेव्हा हा अभिप्राय त्याच नजरेने. भक्तिभावाचं कुणी वेगळं लिहावं.

आधी कागद आणि छपाई. कागद पातळ आहे, तो असणारच, नाहीतर पुस्तक पाटीत घालून न्यावं लागेल. पण मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात, आणि स्तोत्रसंहितेत ओळी तुटक असल्यामुळे ते जास्त खुपतं. टाइप बारीक. ट्यूबलाइटखाली वाचता येतो, पिवळ्या बल्बखाली नाही. जोडाक्षरं स्वच्छ, मुद्रणदोष कमी. मला पाच महिन्यांत चार सापडले, त्यातला एक नकाशावर. चेन चांगली चालते.

आता तळटीपा. पैसे त्यांचेच दिले.

ते 37 वं वचन माझ्या प्रतीत आहे, चौकटी कंसात, खाली टीप: काही प्राचीन प्रतींत हे वचन नाही. पुतण्याला समजावलं ते असं. वचनांना आज आहेत ते आकडे नव्या कराराला 1551 साली रॉबर्ट एस्तिएन नावाच्या मुद्रकाने दिले. त्याच्यासमोरच्या छापील ग्रीक पाठात ते वचन होतं, म्हणून त्याला 37 नंबर मिळाला. पुढे जुन्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांशी ताडून पाहिलं तर त्यांत ते नाही. मग काय करणार? एखादा गट नंबर रद्द झाला म्हणून पुढच्या सगळ्या गावाचे नंबर आपण सरकवतो का? नंबर तसाच रिकामा राहतो. गुपचूप काही करायचं असतं तर आधी आकडे सरकवले असते.

प्रभूच्या प्रार्थनेचा शेवटही कंसात आहे. 'कारण की राज्य, पराक्रम व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत.' हे बघून मात्र मीही थबकलो. आजीच्या मांडीवर बसून पाठ केलेलं वाक्य, दर रविवारी उपासनेत म्हणतो, आणि इथे त्याला कंस! पण कारण वाचलं आणि हसू आलं. चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, सिनाय आणि व्हॅटिकनच्या, मत्तयाच्या शुभवर्तमानात हे वाक्य नाही. लूकच्या प्रार्थनेतही नाही. लोक मंडळीत म्हणत होते, तेच नकलेत उतरलं असावं असं अभ्यासक मानतात. हे मला कुणी शिकवायला नको. खरेदीखतं उतरवून काढणारा आमचा एक सहकारी मुळात असो वा नसो, 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले' हे घालायचाच. लबाडी नव्हती, हाताला सवय होती. मी पेन्सिलने गोल करायचो, तो म्हणायचा, "असू द्या की साहेब, बरं वाटतं." कंस म्हणजे ती पेन्सिल. प्रार्थना आम्ही अजून पूर्णच म्हणतो.

मुळाचं म्हणाल तर पौलाच्या हातचं पत्र कुठल्याही पेटीत नाही. जे आहे ते सगळं नकलांच्या नकला. नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांची नोंद पाच हजारांच्या वर जाते, पण त्यांतली बरीचशी नंतरच्या शतकांतली, आणि जुन्यांतली कित्येक म्हणजे तुकडे. मँचेस्टरच्या ग्रंथालयात योहानाच्या 18 व्या अध्यायाचा एक पपायरसचा तुकडा आहे, जेमतेम तळहाताएवढा. तो बहुतेक जण दुसऱ्या शतकातला मानतात. एवढ्या नकलांत फरक किती? लाखांनी मोजतात, आणि आकडा ऐकून पुतण्या घाबरला होता. त्यातला फार मोठा भाग शुद्धलेखनाचा आणि शब्दांच्या मागेपुढे होण्याचा आहे. शिवाय नकला जितक्या जास्त तितके फरक जास्त दिसणारच. एकच नक्कल असती तर एकही फरक निघाला नसता, आणि ती चुकलीय का हे तपासायलाही काही उरलं नसतं. कोर्टात मूळ दस्त हरवला तर दुय्यम पुरावा, म्हणजे नक्कल, चालतो. 2024 पर्यंत त्याला 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 65 होतं. एकमेकांना न भेटलेल्या दहा गावांच्या नकला समोर असल्या की कुठे कोण घसरला ते कळतं.

घसरण्याची एक गोष्ट सांगतो. 1947 मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकाची गुंडाळी सापडली. सव्वासात मीटरहून लांब, ख्रिस्ताच्याही आधीची. त्याआधी हाताशी असलेली पूर्ण हिब्रू हस्तलिखितं हजार वर्षं अलीकडची होती. गुंडाळीचे फोटो आता मोबाइलवर मोठे करून बघता येतात. पुतण्या दिवाळीला आला तेव्हा आम्ही 40 वा अध्याय काढला. तिथे 'गवत सुकते, फूल कोमेजते' हे शब्द सातव्या वचनात एकदा आणि आठव्यात पुन्हा येतात. लिहिणाऱ्याच्या हातून पहिल्या 'गवत सुकते'वरून दुसऱ्याच्या पुढे उडी पडली, मधला मजकूर गेला. नंतर दुसऱ्या कुणीतरी तो ओळीच्या वर बारीक अक्षरात घातला, जागा पुरेना म्हणून समासातून खाली नेला. काही अभ्यासक म्हणतात मुळात पाठच आखूड असेल, कारण जुन्या ग्रीक भाषांतरातही तो भाग नाही. असेल. पण मला समासातल्या त्या अक्षरांकडे बघून अंगावर काटा आला. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी 'सदर मिळकत'वरून खालच्या 'सदर मिळकत'वर माझी नजर अशीच घसरली होती, मध्ये पूर्वेची आणि दक्षिणेची चतुःसीमा गळाली, आणि पक्षकाराला एक तारीख फुकट गेली. साहेबांनी अख्ख्या खात्यासमोर कागद वाचून दाखवला होता. आणि त्या वचनाचा पुढचा भाग काय, तर आमच्या देवाचे वचन सर्वकाळ कायम राहते. नेमका तिथेच कारकून चुकला, आणि नेमकं तेच कुणीतरी समासात सांभाळलं.

माझ्या प्रतीत या जागी टीप नाही. असायला हवी होती.

दुसरी जागा, जिथे मला हे भाषांतर प्रामाणिक वाटलं. जुन्या करारातल्या '2 इतिहास' या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायात यहोराम राजा 32 व्या वर्षी गादीवर येतो, आठ वर्षं राज्य करतो, मरतो. म्हणजे 40. लगेच 22:2 मध्ये त्याचा धाकटा मुलगा अहज्या गादीवर येतो, वय 42. मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा! 2 राजे 8:26 मध्ये त्याचंच वय 22 आहे. कुठल्यातरी जुन्या नकलेत आकडा बिघडला, उघड आहे. भाषांतरकारांना 22 करून टाकणं सोपं होतं, कुणाला पत्ता लागला नसता. त्यांनी हिब्रूत आहे ते 42 ठेवलं. नक्कल म्हणजे मुळाबरहुकूम. मुळातली चूक दुरुस्त करायचा अधिकार कारकुनाला नाही. अर्थात, रुजुवात घेतली म्हणजे दस्तातला मजकूर खरा ठरला असं नव्हे, हेही पुतण्याला बजावलं. ते काम न्यायाधीशाचं, नाहीतर ज्याच्या त्याच्या विश्वासाचं.

भाषांतराची रुजुवात आम्ही कट्ट्यावर घेतली. शेजारच्या अक्का तेलुगू, जन्मभर विड्या वळल्या, आता डोळ्यांना जाड भिंग. त्यांचं तेलुगू बायबल कोपरे झिजून गोल झालेलं. कानडी वाचायला विजापूरकडचा माझा जुना मित्र. मी योहान 1:1 काढलं आणि वाचलं, "प्रारंभी शब्द होता." अक्का म्हणाल्या, "आदियंदु वाक्यमुंडेनु." मित्र म्हणाला, "आदियल्लि वाक्यवित्तु." उर्दूत तिथे 'कलाम' आहे. आता शब्द की वाक्य? कोर्टात असता तर दोन्ही पक्षांचे वकील उठले असते. ग्रीकमध्ये 'लोगोस' आहे. त्यात शब्द येतो, बोलणं येतं, विचार येतो, हिशोबसुद्धा येतो. एका भांड्यात मावणारं नाही ते. मी एवढं सगळं सांगितल्यावर अक्का म्हणाल्या, "तम्मुडू, शब्दाशिवाय वाक्य होतंय का? वाच पुढं."

तेविसाव्या स्तोत्रात आमचा 'परमेश्वर माझा मेंढपाळ', त्यांचा 'यहोवा', आणि कानडीत 'कुरुबनु', म्हणजे देव सरळ आपल्याकडचा धनगर होतो. मला ते आवडलं. मेंढपाळ शब्द मी चर्चबाहेर कधी ऐकला नाही, धनगर रोज दिसतात.

मराठीतल्या काही निवडी फार नेमक्या आहेत. कान्याच्या लग्नातल्या रांजणांत 'दोन-दोन, तीन-तीन मण' पाणी. ग्रीक माप साधारण 39 लिटरचं, आणि आपला 40 शेरांचा मण 37 किलोच्या आसपास. कुणी बसवलं असेल त्याला सलाम. मरीयेच्या तेलाला 'जटामांसी' म्हटलंय, तेही बरोबर, ती वनस्पती हिमालयातलीच. पण पुतण्याच्या पिढीला मणही कळत नाही आणि जटामांसीही. तिथे टीप हवी, तर नाही. भाषा एकूण जुन्या वळणाची, वाक्यं लांब. 'तारण', 'पापविमोचन' असले शब्द बाहेरच्या वाचकाला अडतील. ही तक्रार जुनीच आहे. मत्तयाचं पहिलं मराठी भाषांतर 1805 साली बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीने छापलं, मदतीला वैजनाथ पंडित. तेव्हापासून भाषेची डागडुजी चालूच आहे. पंडिता रमाबाईंनी तर बायामाणसांना कळेल अशा मराठीत हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल नव्याने उतरवलं. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या, त्याआधी थोडेच दिवस काम हातावेगळं झालं होतं. पुण्याला जाताना दौंड सुटलं की केडगाव येतं, रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. गाडी थांबो न थांबो, मी खिडकीतून बघतो.

तळटीपांवर माझा मोठा आक्षेप एकच. 'काही प्राचीन प्रतींत' म्हणजे कोणत्या? किती? कोणत्या शतकातल्या? कोर्टात 'काही कागदपत्रे पाहिली' एवढ्यावर कुणी निकाल देत नाही, निशाणी क्रमांक लागतो. शेवटी नकाशांना आठ पानं दिली, तिथे दोन पानं हस्तलिखितांच्या यादीला दिली असती तर रात्री साडेअकराचे फोन कमी झाले असते.

आणि बांधणी. पाठीला नुसता डिंक आहे, फर्मे शिवलेले नाहीत. मे महिन्यात 43 अंशात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलं आणि यिर्मयापासून विलापगीतापर्यंतचा गठ्ठा अलगद हातात आला. आजीचं पुस्तक मात्र शिवलेलं आहे, पानं पिवळी पडली पण एक सुटलेलं नाही. घेताना पाठ वाकवून, दोरा दिसतोय का बघूनच घ्या.

पाचपैकी साडेतीन तारे. मजकुराला साडेचार दिले असते. साखर पेठेतल्या बाइंडरकडे टाकलंय, दोनशे रुपये म्हणतो, चेनचं कव्हर तसंच ठेवून आतून शिवून देणार. अक्कांना मोठ्या टाइपाचं तेलुगू हवंय. टेबलवाल्या पोराला विचारलं, तो म्हणाला जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेनंतर बघू.