सिल्डेनाफिल की टाडालाफिल : दोन्ही घेऊन पाहिल्यानंतर

शिश्नाला पुरेशी ताठरता न येण्याच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेलेल्या पुरुषासमोर बहुधा दोनच नावे येतात आणि त्यांतले कोणते घ्यावे हे पुष्कळदा त्याच्यावरच सोपवले जाते. मी सिल्डेनाफिल सुमारे दीड वर्ष गरजेपुरती घेतली आणि गेली तीन वर्षे टाडालाफिल ५ मिलीग्रॅम या मात्रेत रोज घेत आहे. दोन्ही औषधे एकाच विकराला (एन्झाइमला) रोखतात आणि दोन्हींना मनातल्या इच्छेची जोड लागते, हे वाचकांना ठाऊक असेल असे धरून चालतो. परिणामाच्या बळाबाबत मला तरी दोहोंत फरक जाणवला नाही. फरक आहे तो त्यांच्याबरोबर दिवस काढण्यात.

सिल्डेनाफिलला तिचे श्रेय द्यायलाच हवे. १९९८ साली ती मान्य झाली, तोवर या तक्रारीवर तोंडाने घेण्याची खात्रीशीर गोळी जवळपास नव्हतीच. तासाभरात परिणाम दिसतो, तो साधारण चार तास टिकतो आणि दुसऱ्या दिवशी शरीरात औषध नाममात्र उरते. ज्याला महिन्यातून एखाद्या वेळीच गोळीची गरज भासते, त्याने उरलेले दिवस औषधाविना काढावेत हे मलाही पटते. मला ५० मिलीग्रॅमने चेहरा तापल्यासारखा होई, नाक चोंदत असे आणि एक-दोनदा पांढऱ्या भिंतीवर निळसर झाक दिसली. हे सारे काही तासांत ओसरे, त्यामुळे त्याची मी फारशी तक्रार करणार नाही.

माझी तक्रार जेवणाची आहे. तेलकट, जड जेवणानंतर ही गोळी घेतली, तर तिचा परिणाम सुमारे तासभर मागे पडतो आणि रक्तातली तिची कमाल पातळीही कमी राहते. म्हणजे जेवणाआधी घ्यावी, तर जेवण लांबले की वेळ वाया जातो आणि जेवणानंतर घ्यावी, तर ती वेळेवर काम करील याचा भरवसा नाही. घरी पाहुणे आले होते त्या रात्री भरपेट जेवणानंतर मी गोळी घेतली, दीड तास वाट पाहिली, काहीच घडले नाही आणि दुसरी गोळी घेण्यासाठी हात पाकिटापर्यंत गेला. सुदैवाने डॉक्टरांचे सांगणे आठवले : चोवीस तासांत एकच मात्रा, पहिलीचा गुण आला नाही असे वाटले तरी. त्या रात्री पत्नी म्हणाली, ‘तुमचं लक्ष माझ्याकडे नाही, घड्याळाकडे आहे.’ तिचे म्हणणे खरे होते. गोळी घेतली की ती वाया जाऊ नये असा एक न बोललेला आग्रह खोलीत येऊन बसत असे आणि त्याचे ओझे माझ्याइतकेच तिच्यावरही पडत असे. माझ्यापुरता निर्णय या एका त्रासाने झाला.

टाडालाफिलला जेवणाशी देणेघेणे नाही. शरीरातील तिचे प्रमाण निम्म्यावर यायला साडेसतरा तास लागतात, म्हणून गरजेपुरती घेतल्यासही परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतो. रोजची छोटी मात्रा घेतल्यास साधारण पाच दिवसांत रक्तातील पातळी स्थिरावते आणि मग वेळ पाहण्याचे कारणच उरत नाही. मी ती सकाळी दात घासल्यावर घेतो आणि विसरून जातो. हे विसरणेच मला सर्वांत मोलाचे वाटले. प्रोस्टेट वाढल्याने होणाऱ्या लघवीच्या त्रासासाठीही हीच ५ मिलीग्रॅमची मात्रा दिली जाते, त्यामुळे ज्याला दोन्ही तक्रारी आहेत त्याला हा पर्याय अधिक सोयीचा ठरावा. तिचा उपद्रव वेगळा आहे : पहिल्या दोन आठवड्यांत माझी कंबर आणि मांड्या दुखत असत. पुढे ते थांबले, परंतु सर्वांचेच थांबेल असे मी म्हणणार नाही. मूत्रपिंडे बरीच अशक्त असतील, तर रोजची मात्रा सहसा देत नाहीत, हेही ध्यानात असावे.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र माझ्या आवडत्या गोळीची बाजू थोडी लंगडी आहे. छातीत दुखण्यावर देतात ती नायट्रेट वर्गाची औषधे, मग ती जिभेखाली ठेवायची गोळी असो वा फवारा, सिल्डेनाफिल वा टाडालाफिलबरोबर घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. सिल्डेनाफिलनंतर नायट्रेटसाठी किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास जावे लागतात. नशेसाठी हुंगले जाणारे ‘पॉपर्स’ हे नायट्राइटही तितकेच घातक. ज्याला नायट्रेट चालू आहे त्याच्यासाठी ही तुलनाच नाही, त्याला दोन्ही वर्ज्य आहेत. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखे औषध, बुरशीवरील किटोकोनॅझोल किंवा एचआयव्हीवरील रिटोनाविर चालू असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण मात्रा बदलावी लागते किंवा बेतच सोडावा लागतो. ताठरता चार तासांहून अधिक टिकली, अथवा एकाएकी दिसणे किंवा ऐकू येणे कमी झाले, तर संकोच बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.

चिठ्ठीविना, ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. अशा अनेक उत्पादनांत न सांगता मिसळलेले सिल्डेनाफिल तपासणीत सापडलेले आहे आणि ते किती मिसळले आहे हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. शिवाय डॉक्टरांना टाळले की तपासण्याही टळतात. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असल्याने हृदयविकाराची चाहूल कधी कधी इथे आधी लागते. माझी रक्तशर्करा वाढलेली आहे हे या तक्रारीपायी केलेल्या तपासणीतच उघड झाले.

ज्याची गरज क्वचित आहे, जेवणाच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि ज्याला रोजची गोळी नकोशी वाटते, त्याने सिल्डेनाफिलपासून सुरुवात करावी आणि एका अपयशावरून ती मोडीत काढू नये. इतरांना, डॉक्टरांची हरकत नसल्यास, मी रोजच्या टाडालाफिलकडे वळायला सांगेन. त्या ४८ तासांची तजवीज मी माझ्यापुरती केली आहे : औषधाचे नाव आणि मात्रा लिहिलेले कार्ड माझ्या पाकिटात असते आणि माझ्या छातीत दुखू लागले, तर रुग्णवाहिकेतील माणसाला सर्वांत आधी काय सांगायचे हे पत्नीला पाठ आहे. शेवटची गोळी कधी घेतली हे तिला आठवावे लागणार नाही, कारण उत्तर नेहमी एकच आहे, आज सकाळी.