केव्ह्ज ऑफ कड: काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

केव्ह्ज ऑफ कड हा कॉम्प्युटर गेम घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: स्क्रीनवर येईल ते सगळं वाचायची तयारी आहे का? ग्राफिक्स, लॅपटॉपची ताकद, हाताचा वेग हे प्रश्न नंतरचे. गेले काही महिने मी हा गेम जवळपास रोज उघडते आहे. माझ्या ओळखीतल्या ज्यांना तो आवडला नाही, त्यांनी बहुतेक वेळा मजकूर ओलांडून पुढे जायचा प्रयत्न केला होता. इथे पुढे जायला दुसरी वाटच नाही.

आधी थोडी माहिती. फ्रीहोल्ड गेम्स या छोट्या स्टुडिओचा हा गेम, ब्रायन बकलू आणि जेसन ग्रिनब्लॅट यांनी उभा केलेला. काम २००७ पासूनचं. २०१५ मध्ये तो स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला आला आणि पूर्ण १.० आवृत्ती निघाली ती ५ डिसेंबर २०२४ ला. २०२५ मध्ये त्याला गेमसाठीचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. जात रोगलाइक, म्हणजे १९८० च्या ‘रोग’ (Rogue) या गेमपासून चालत आलेली: चौकोनी घरांवर चालायचं, तुमची चाल झाली की जगाची चाल होते, दर वेळी नकाशा नवा, आणि पात्र मेलं की मेलं. त्यावर इथे भूमिकेचा खेळ चढवलाय. पात्राची लेव्हल वाढते, कौशल्यं शिकता येतात, गावं आहेत, गावकऱ्यांनी सांगितलेली कामं आहेत. मुख्य कथाही आहे, पण तिच्याकडे ढुंकून न बघता कितीही काळ खेळता येतं.

‘काहीही करता येतं’ ही जाहिरात आपण प्रत्येक मोठ्या गेमबद्दल ऐकतो. तिथे सहसा अर्थ असतो की नकाशा मोठा आहे आणि त्यावर ठिकठिकाणी ठरावीक कामं पेरलेली आहेत. कडमध्येही नकाशा अवाढव्य आहे: वरच्या नकाशातलं एकेक घर म्हणजे नऊ स्क्रीन, आणि त्यांच्या खाली थरावर थर उतरत जाणाऱ्या गुहा. पण मोकळीक त्यातून येत नाही. ती येते कारण या जगात तुम्हाला, अस्वलाला, झाडाला आणि खुर्चीला एकच नियम लागू आहेत. तुम्हाला शरीर आहे, शरीराला अवयव आहेत, प्रत्येक अवयवावर काही घालता येतं; समोरच्या प्राण्याचंही तसंच. कुऱ्हाडीने त्याचा हात तुटू शकतो, तसा तुमचाही. उत्परिवर्तनाने दुसरं डोकं घेतलंत तर दुसरं शिरस्त्राण घालायला जागा मिळते. चार हात घेतलेत तर चारही हातांत शस्त्रं. स्प्रे-अ-ब्रेन नावाची एक वस्तू मिळते. ती निर्जीव सामानावर मारली की ते सामान जिवंत होऊन तुमच्याबरोबर चालायला लागतं. त्यासाठी वेगळं दृश्य लिहिलेलं नाही. खुर्ची आता एक प्राणी झाली, म्हणून प्राण्यांचे सगळे नियम तिला लागू झाले.

डॉमिनेशन ही मनाची शक्ती मला हे समजायला सर्वांत उपयोगी पडली. तिने दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात शिरून काही काळ ते शरीर चालवता येतं. एकदा मी असंच एका दणकट प्राण्याच्या अंगात होते आणि मागे ठेवलेलं माझं मूळ शरीर कुणीतरी मारून टाकलं. मला वाटलं, खेळ संपला. संपला नाही. मी त्या प्राण्याच्याच शरीरात राहिले आणि पुढचा सगळा डाव त्याच्या नखांनी आणि त्याच्या कातडीने खेळले. त्या संध्याकाळी हा गेम किती खोल आहे ते मला पहिल्यांदा जाणवलं.

पात्र बनवतानाच दोन मोठ्या वाटा आहेत. म्युटंट घेतलात तर सत्तरहून जास्त उत्परिवर्तनांतून आणि दोषांतून निवड: पंख, जमीन खणणारी नखं, ज्वाळा, भविष्यात डोकावून परत मागे येण्याची शक्ती. ट्रू किन, म्हणजे शुद्ध रक्ताचे मानव, घेतलेत तर उत्परिवर्तन नाही; त्याऐवजी अंगात बसवायचे यांत्रिक भाग. माझा कल म्युटंटकडे आहे. ट्रू किनची ताकद भाग हाती लागत जातील तशी वाढते, त्यामुळे त्याला धीर लागतो.

आता पाणी. या जगाचं चलन सोनं नाही, गोडं पाणी आहे. ते ड्रॅममध्ये मोजतात. पाण्याने खरेदी करायची, पाणीच प्यायचं, आणि पाण्याला वजन आहे: चार ड्रॅमला एक पौंड. या एका निर्णयाने किती काय बदललंय! श्रीमंत होणं म्हणजे ओझं वाढणं. मोठा सौदा झाला की इतकं पाणी हाती येतं की पाऊल उचलत नाही, म्हणून ते पाणी तांब्या-चांदीच्या गोळ्यांत किंवा रत्नांत बदलून घ्यावं लागतं. मिठाच्या वाळवंटात वाट चुकलात, आणि वाट चुकते, तर पिशवीतला पैसा प्यायला लागतो. समोर दिसणारं तळं खारं की गोडं, त्यात आणखी काय मिसळलंय, हे बघावं लागतं, कारण द्रवं एकमेकांत मिसळतात आणि गोड्या पाण्यात रक्त वा चिखल पडला की त्याची किंमत गेली.

आणि याच पाण्यातून गेमचं समाजकारण सुरू होतं. गटाच्या म्होरक्याशी किंवा एखाद्या नामांकित प्राण्याशी पाणी वाटून घेण्याचा एक विधी आहे. विधी झाला की त्याच्या गटात तुमची पत वाढते. त्याच्याकडून गुपितं घेता येतात, आपली सांगता येतात, कौशल्य शिकता येतं, कधी त्याला सोबतीला घेता येतं. असे साठहून जास्त गट आहेत. माणसांचे पंथ आहेत, तशी माकडं, अस्वलं, मासे, झाडं, बुरशीसुद्धा. आता इथे वाचण्याचं महत्त्व बघा. प्रत्येक नामांकित प्राण्याच्या वर्णनात लिहिलेलं असतं की त्याला कोण मानतं, कोण त्याचा द्वेष करतं आणि का. म्हणजे ज्याच्यावर दोन गटांचा राग आहे त्याला मारलं की त्या दोघांत तुमचं नाव होतं, आणि त्याला मानणारा तिसरा गट वैरी होतो. वर्णन न वाचता तलवार चालवली की चार दिवसांनी एखाद्या शांत वाटणाऱ्या जंगलात सगळे अंगावर का धावून येतात, ते कळत नाही. ज्याच्याशी पाणी वाटलं त्याला मात्र कधीच मारायचं नाही. त्या विश्वासघाताने एका गटातली नाही, चहूकडची पत जाते.

माझा सगळ्यात आवडता डाव अशी पत मिळवण्यावरच उभा होता. पात्र लढाईत साधारण, बोलण्यात तरबेज. त्याने भेटेल त्याच्याशी पाणी वाटलं, आणि शेवटी जिथे इतर पात्रं जीव मुठीत धरून पळायची तिथून ते सरळ चालत गेलं, कारण तिथले प्राणी त्याला आपला समजत होते. तलवारीने जिंकलेल्या कुठल्याही डावापेक्षा मला तो मोठा वाटतो.

इतिहासाबद्दलही लिहायलाच हवं. या जगात हजारो वर्षांच्या संस्कृतींचे थर एकमेकांवर साचलेत आणि प्राचीन सुलतानांच्या कथा दर डावात नव्याने तयार होतात. त्या कशा तयार होतात यावर ग्रिनब्लॅट आणि बकलू यांनी २०१७ मध्ये एक शोधनिबंध लिहिलाय. त्यांची पद्धत मला फार भावली. आधी घटना निवडली जाते, मग तिला शोभेल असं कारण जोडलं जातं. कारण आधी आणि परिणाम नंतर, असा हिशोब नाहीच. त्यामुळे देवळातल्या मूर्तींवर, भिंतींवर, भांड्यांवर कोरलेल्या या कथा दंतकथेसारख्या लागतात, तुटक आणि थोड्या संशयास्पद. रेशेफ या शेवटच्या सुलतानाची गोष्ट मात्र माणसांनी लिहिलेली आहे आणि मुख्य कथेशी बांधलेली आहे. यंत्राने रचलेलं आणि माणसाने लिहिलेलं शेजारी शेजारी ठेवून दोन्हींना न्याय देणारा दुसरा गेम मी खेळलेला नाही.

सगळंच रचलेलं वाचनीय असतं असं नाही. जगात सापडणारी बरीच पुस्तकं मार्कोव्ह साखळीच्या पद्धतीने, म्हणजे आधीच्या शब्दांवरून यंत्राने पुढचा शब्द निवडत, बनतात आणि त्यांतल्या वाक्यांना अर्थ नसतो. ती वाचत बसू नका, पण टाकूही नका. सिक्स डे स्टिल्ट या वाळवंटातल्या मोठ्या बाजारपेठेत एक ग्रंथपाल बसते. तिला पुस्तकं दिली की अनुभवाचे गुण मिळतात. एकही वार न करता लेव्हल वाढवायचा हा चांगला मार्ग आहे.

मरण. बहुतेक लोक इथेच सोडून जातात, म्हणून स्पष्ट सांगते. क्लासिक मोडमध्ये मेलात की ते पात्र कायमचं गेलं. रोलप्ले मोडमध्ये वस्तीत पोचलं की जागा राखली जाते आणि मेल्यावर तिथून पुन्हा सुरू करता येतं. वाँडर मोडमध्ये बहुतेक प्राणी आपणहून हल्ला करत नाहीत. मारल्याचे गुण मिळत नाहीत, शोधाचे आणि पाणी वाटल्याचे मिळतात. खरा रोगलाइक म्हणजे क्लासिकच, असं ठासून सांगणारे भेटतील. मला ते पटत नाही. नवीन माणसाने रोलप्लेने सुरुवात करावी. जग इतकं भरलेलं आहे की पहिल्या दोन प्रदेशांत पुन्हा पुन्हा मरून त्याचा दहावा भागही दिसत नाही, आणि जे दिसलंच नाही त्याची ओढ कशी लागणार? जग ओळखीचं झालं की क्लासिक खेळा. तेव्हा प्रत्येक दार उघडताना जो ताण येतो, त्याची गोडी वेगळी आहे.

मरण टाळायचा मुख्य उपायही वाचनच. कुठल्याही प्राण्यावर नजर टाकली की तो तुमच्या मानाने किती अवघड आहे हे गेम सरळ शब्दांत सांगतो, अगदी क्षुल्लकपासून अशक्यपर्यंत. ‘अशक्य’ लिहिलेलं असेल तर मागे फिरा. पळून जाणं ही इथे रोजची, शहाणपणाची चाल आहे. गोल्गोथासारख्या खोल, धोकादायक ठिकाणी उतरायचं असेल तर परत वर कसं यायचं ते आधी ठरवा. रोगांकडे दुर्लक्ष करू नका. एका रोगात जीभ सडत जाते आणि मग कुणाशी बोलता येत नाही की सौदा करता येत नाही. त्यावर उपाय असतो, पण तो शोधावा लागतो.

भाषेचा अडथळा खरा आहे. गेम मराठीत किंवा हिंदीत नाही, आणि त्यातलं इंग्रजी साधं नाही. जुने, विसरलेले शब्द, लांब वळणदार वाक्यं, विज्ञानातल्या संज्ञा. मराठी माध्यमातून शिकलेल्या माझ्या धाकट्या भावाला सुरुवातीला शब्दकोश उघडा ठेवून खेळावं लागलं. तो टिकला, कारण कामाचा मजकूर, म्हणजे वस्तूंचे गुण, धोके आणि गावकऱ्यांची कामं, तुलनेने सरळ लिहिलेला असतो. अवघड असतात ती वर्णनं, आणि ती हळूहळू अंगवळणी पडतात. दहावी-अकरावीतल्या मुलांना हा गेम दिला तर इंग्रजी वाचनाची भीती जाईल, असं माझं प्रामाणिक मत आहे.

दिसायला हा गेम साधा आहे: लहान चौकोनी चित्रं, मोजके रंग. महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. कीबोर्डवर वेगळे अंक असतील तर तिरकं चालणं सोपं जातं, नसतील तर बटणं बदलून घेता येतात, आणि गेमपॅडही चालतो. आपोआप परिसर धुंडाळायची सोय आहे. ती पहिल्या दिवसापासून वापरा.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. मधल्या टप्प्यात सामान इतकं साठतं की कुठलं ठेवायचं आणि कुठलं विकायचं यातच बराच वेळ जातो. लांबचे प्रवास कंटाळवाणे होतात, निदान ठरलेल्या जागी क्षणात पोचवणारा रिकॉयलर हाती येईपर्यंत तरी. यंत्राने बनवलेली गावं पहिल्या काही डावांत चकित करतात, नंतर त्यांचा साचा ओळखू यायला लागतो. आणि अवघडपणा सारखा वाढत नाही, अचानक उसळतो. मनाच्या शक्ती फार वाढवल्यात तर त्या हेरून तुमच्या मागावर मारेकरी येतात. कल्पना म्हणून ती सुरेख आहे, पण नव्या खेळाडूला त्याची पूर्वसूचना पुरेशी मिळत नाही असं मला वाटतं.

घेणारच असाल तर पहिलं पात्र तयार पात्रांतून घ्या. त्यांतलं मार्श टॉर नावाचं पात्र दणकट आहे. सुरुवात जोप्पा या खारजमिनीतल्या गावातूनच करा, कारण ते माणसांनी लिहिलेलं आहे आणि तिथली कामं खेळ शिकवत पुढे नेतात. आधी गावातल्या प्रत्येकाशी बोला. तिथल्या कारागिराला, आर्गाइव्हला, जुन्या यंत्रवस्तू हव्या असतात. त्या आणून दिल्या की फारशी लढाई न करता लेव्हल वाढते, आणि त्याच्याच कामांचा धागा पुढे ग्रिट गेट या ठिकाणापर्यंत, तिथल्या अस्वल-अभियंत्यांपर्यंत, नेतो. गावाच्या पिकावर कीड कुठून येते ते शोधायचं कामही मिळेल. ते लगेच करू नका. एक-दोन लेव्हल वाढवा, अंगावर बरं चिलखत चढवा, पाणी भरून घ्या, आणि मग लाल खडकाच्या गुहेत उतरा.