पार्क स्की: सँडविच बांधणी की कॅप बांधणी?

साताऱ्यात बर्फ पडत नाही, त्यामुळे गुलमर्गला जाण्यापूर्वी इथूनच पार्क स्की (उड्या-कसरतींसाठी तयार केलेल्या बर्फाच्या उतारावर, म्हणजे पार्कमध्ये, वापरायच्या स्की) मागवणाऱ्याने स्कीवरच्या चित्रांऐवजी बांधणी पाहावी. सँडविच बांधणीत लाकडी गाभ्याच्या बाजूंना एबीएस प्लास्टिकची उभी भिंत असते. पार्कमधल्या पोलादी रेलवर (कसरतीच्या कठड्यावर) घसरताना बसणारा मार ती बराचसा शोषून घेते आणि थर सुटलेच, तर इपॉक्सी भरून, क्लॅम्पमध्ये आवळून ते पुन्हा चिकटवता येतात. कॅप बांधणीत वरचा थरच कडेपर्यंत वळवलेला असतो. त्यामुळे स्की हलकी होते, टवकेही कमी उडतात; परंतु कडेवरचा आघात थेट आत पोहोचतो आणि दुरुस्ती अवघड होते. पार्कसाठी मी सँडविचच घेईन, तेही तळाची पोलादी कड सुमारे २.५ मिलिमीटर जाड असेल तरच. पायाखालची कड मात्र दोन्हींत आधी तडकते.