चार लाख चव्वेचाळीस हजार पाचशे आणि एक दीर्घ उकार

कायम नोकरीच्या आमिषाने एका भामट्याने माझ्याकडून किती उकळले, तो आकडा आधी लिहून टाकतो. २१,००० अधिक १,७५,००० अधिक २,४०,००० अधिक ८,५००. एकूण ४,४४,५०० रुपये. शेवटचे साडेआठ हजार ‘मेडिकल आणि स्टॅम्प पेपर’साठी घेतले, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त चीड मला त्याच साडेआठ हजारांची येते. चार लाख छत्तीस हजार गिळून झाल्यावरही त्या माणसाला तेवढे सोडवले नाहीत.

मी अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी (क्लॉक अवर बेसिस). यंदा अकरावं वर्ष. सेट, म्हणजे प्राध्यापक व्हायची राज्याची पात्रता परीक्षा, पास आहे, पीएचडी आहे. राहायला कळव्याला. सीएचबीवाल्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, त्यांना तो पाठ आहे.

आठवड्याला जास्तीत जास्त ९ तासिका, पदवीच्या तासिकेला ९०० रुपये. झाले ८,१००, कागदावर. दिवाळी, परीक्षा, गॅदरिंग, उन्हाळा यांचा भोपळा. गेल्या वर्षी माझ्या २१५ तासिका भरल्या, त्याचे १,९३,५०० रुपये. तेही महिन्याच्या महिन्याला नाहीत, बिलं मंजूर होतील तेव्हा. माझ्याच शेजारच्या खुर्चीत बसून तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. दर वर्षी त्याच जागेसाठी पुन्हा मुलाखत. ‘स्वतःबद्दल थोडं सांगा’ याचं उत्तर मी एकाच कॉलेजात अकरा वेळा दिलंय. आणि ऑर्डर हातात घेण्याआधी हमीपत्र : कायम करण्याची मागणी करणार नाही. त्यावर अकरा सह्या.

हे रडगाणं अशासाठी की लोक मला ‘लोभ नडला’ म्हणतात. सख्खा मेहुणाही म्हणाला. पूर्णवेळ जागांचे दर आमच्यात कसे बोलले जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०२१ साली राज्यात २०८८ जागा भरायला परवानगी मिळाली, तेव्हा एका ठिकाणी मला सरळ आकडा सांगण्यात आला होता आणि मी उठून आलो होतो. तेव्हा उठलो, म्हणून या वेळी आपण काही चुकीचं करतोय असं मला वाटलंच नाही. हा माणूस जागा विकत नव्हता. तो ‘समायोजनाच्या यादीत फाइल लावत’ होता, म्हणजे सीएचबीवाल्यांना कायम पदांवर सामावून घेणार म्हणे, त्या यादीत. फाइलचा खर्च म्हणजे लाच नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. किती सोयीचं व्याकरण असतं बघा आपलं.

ओळख करून दिली ती आमच्यातल्याच एका सरांनी. २०२५च्या जुलैमध्ये, ठाण्याहून वाशी लोकल पकडायला दहा नंबरवर उभे असताना. पुढे कळलं, त्यांचे स्वतःचे एक लाख पंचाण्णव हजार त्यात अडकले होते आणि ‘दोन माणसं आणा, तुमचं आधी करतो’ असं त्यांना सांगितलेलं होतं. त्यांच्याशी मी अजून बोलत नाही. तर पहिला नियम : सांगणारा ओळखीचा आहे हा पुरावा नाही. ओळखीचा माणूसच आधी गळाला लागलेला असतो.

वाशीला सेक्टर १७ मध्ये तिसऱ्या मजल्यावर एक खोली. बाहेर पाटी क्लासची. आत पांढऱ्या सफारीतला पन्नाशीचा माणूस, सगळे त्याला ‘साहेब’ म्हणत. मंत्रालयातून निवृत्त, असं कानावर घातलेलं. तो स्वतः कधीच म्हणाला नाही. त्याने ड्रॉवरमधून एक निळा प्लास्टिकचा फोल्डर काढला. त्यात सेटची प्रमाणपत्रं, अनुभवाचे दाखले, जातवैधता, एकावर एक. चाळीसेक जणांचे तरी असतील. एका दाखल्यावर चहाचा गोल डाग होता. त्याने माझे कागद त्या गठ्ठ्याच्या खाली सरकवले आणि म्हणाला, “सर, तुमचा नंबर एक्केचाळीस. उशीर केलात.”

त्या ‘उशीर केलात’ने माझं काम झालं. अकरा वर्षं मला कुणी ‘लवकर या’ म्हटलं नव्हतं.

माणूस अडाणी नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्याला उमादेवी निकाल माहीत होता, २००६ चा, कर्नाटकचा. मंजूर पदावर दहा वर्षं सलग काम केलेल्यांचा एकदा विचार करा, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय, हे खरं आहे. त्याने मला त्यातलं ‘दहा वर्षं’ ऐकवलं. ‘एकदा’ गाळलं. ती सूट त्या वेळच्या लोकांसाठी एकवेळची होती, आणि मागच्या दाराने आलेल्यांना कायम करायचं नाही हाच निकालाचा मुख्य मुद्दा होता, हे मी नंतर वाचलं. पैसे गेल्यावर वाचन फार वाढतं.

२१,००० मी कळव्याच्या घरी बसून यूपीआयने पाठवले, फाइल उघडायचे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात १,७५,००० रोख, त्याच खोलीत. पावती मागितली तर हसला. “सर, यादी गोपनीय असते, पावती फुटली तर तुमचंच नाव कटेल.” हे वाक्य कुणी उच्चारलं की चप्पल घालून खाली उतरा, बस्स.

मग २२ ऑगस्टला खरोखरच निकाल आला. गुजरातच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतले कंत्राटी सहायक प्राध्यापक, महिना ३०,००० वर राबणारे. त्यांना नियमित पदाच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. कार्यक्रमांत ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’ म्हणून भागत नाही, अशा अर्थाचं न्यायालय त्यात बोललंय. मी ते वाचून रडलो होतो, खोटं कशाला बोलू. तासाभरात साहेबांचा मेसेज : ‘अभिनंदन सर, आता महाराष्ट्रालाही लागू.’ तो निकाल पगाराबद्दल होता, कायम करण्याबद्दल नव्हता. गुजरातमधल्या कंत्राटी लोकांबद्दल होता, तासावर बोलावलेल्यांबद्दल नव्हता. हे चार ओळींत कळण्यासारखं होतं. पण त्या दिवशी मला निकाल वाचायचा नव्हता, मेसेज वाचायचा होता.

आता ती जागा, जिथे मी थांबायला हवं होतं. तीन महिने झाले, रोज रात्री तिथेच जाऊन उभा राहतो.

१७ सप्टेंबरला पीडीएफ आली. ‘शासन निर्णय’. वर राजमुद्रा, खाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’, प्रत कोणाकोणाला त्याची दीड पान यादी, सगळं बेतशीर. विषय : ‘तासिका तत्वावरील अध्यापकांच्या समायोजनाने नियूक्तीबाबत’. नियूक्ती. य ला दीर्घ उकार. तत्त्वातला एक त गायब, ते सोडून द्या, तो निम्म्या महाराष्ट्राचा गायब असतो. पण नियूक्ती! मी एफवायच्या पेपरात या चुकीभोवती लाल गोल करतो. माझी नजर तिथे अडखळली, हे मला लख्ख आठवतंय. चहाचा कप हातात होता. मी म्हणालो, “टायपिस्ट कंत्राटी असेल बिचारा.” बायको हसली. मीही हसलो. आणि दोन दिवसांनी तिच्या दोन पाटल्या आणि गोफ ठेवून २,४०,००० काढले आणि आरटीजीएस केले.

तारीखही होती, १४ सप्टेंबर २०२५. रविवार. संकेतांकही होता, लांबलचक. तो मी शासनाच्या संकेतस्थळावर टाकून बघितला होता, हे विशेष! काही सापडलं नाही. साहेब म्हणाले, “अपलोड व्हायचाय, आतून आलाय.” शासन निर्णय संकेतस्थळावर नसेल तर तो तुमच्यासाठी अस्तित्वातच नाही. संकेतांकाचे पहिले आठ आकडे वर्ष-महिना-दिवस असे असतात, तेवढं जरी ताडलं तरी निम्मे भामटे गळतील. माझ्या कागदावर ते आठ आकडे आणि वरची तारीख जुळत नव्हती.

आणि भरतीची खरी वाट आपल्याला तोंडपाठ असते हो. रोस्टर म्हणजे आरक्षणाच्या बिंदुनामावलीची तपासणी, ना-हरकत, जाहिरात, कुलगुरूंचा प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञ असलेली निवड समिती, मग विद्यापीठाची मान्यता. यातली एकही पायरी वाशीच्या तिसऱ्या मजल्यावर नाही.

दिवाळीनंतर, ३ नोव्हेंबरला, ‘आदेश’ घेऊन नवी मुंबईतल्या एका कॉलेजात रुजू व्हायला गेलो. पिशवीत अर्धा किलो पेढे. मुख्य लिपिकाने कागद पूर्ण वाचलासुद्धा नाही. आतल्या माणसाला हाक मारली, “अरे, आणखी एक आले.” आठवड्यातला मी तिसरा होतो. पेढे मी ऐरोलीला गाडीतल्या पोरांना वाटून टाकले.

खरा तमाशा इथून पुढे. ठाण्यातल्या पोलीस ठाण्यात सांगितलं : रोकड वाशीला दिलीत, तिकडे जा. वाशीकडे गेलो तर : पहिला व्यवहार तुमच्या घरून झाला, तिकडे जा. दोन आयुक्तालयांच्या मध्ये खाडी आहे आणि त्या खाडीत मी. झिरो एफआयआर नावाची गोष्ट कायद्यात आहे, हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. मी कलम सांगितल्यावर अधिकारी म्हणाला, “मग तुम्हीच नोंदवा.” दुसऱ्याने अर्ज वाचला, माझ्याकडे बघितलं. “सर, तुम्ही मराठीचे प्राध्यापक. मग हे वाचता नाही आलं?” चार खुर्च्यांवरचे चौघे हसले. तिसऱ्याने वेगळीच तार छेडली : नोकरीसाठी पैसे देणाराही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात येतो, जबरदस्तीने द्यावे लागले असतील तर सात दिवसांत कळवायचं असतं, तुम्ही कळवलंत का? म्हणजे अर्ज मागे घ्या. चार फेऱ्यांनंतर अर्ज घेतला, ‘चौकशीवर’ ठेवला. गुन्हा अजून नाही. वकील म्हणतो, वरिष्ठांना पोस्टाने पाठवा, नाहीतर न्यायदंडाधिकारी. वकिलाचे वेगळे ५,०००.

१९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. बाई सौजन्याने बोलल्या, पण चार महिन्यांनी केलेल्या फोनचा काय उपयोग? तो नंबर पैसे गेल्याच्या तासाभरात लावायचा असतो. बँक म्हणाली, आरटीजीएसच्या फॉर्मवर सही तुमचीच आहे. आहेच.

आणि शिक्षण खात्याचं एक कार्यालय. मी फक्त एवढंच मागितलं की हा शासन निर्णय बनावट आहे असं एका ओळीत लेखी द्या, पोलीस मागतात. “आम्ही काढलेलाच नाही तर तो बनावट आहे असं आम्ही कसं लिहिणार?” हे उत्तर मला शिपायाने नव्हे, वर्ग एकच्या माणसाने दिलं. माहिती अधिकारात १० रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला. तिसाव्या दिवशी उत्तर : माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही. संबंधित नसेल तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची असते, तेही कलम ६ (३) मध्ये लिहिलंय. पहिलं अपील टाकलंय. त्या कार्यालयाच्या व्हरांड्यात दीड तास बसलो होतो तेव्हा समोर माझ्यासारखाच एकजण प्लास्टिकचा फोल्डर छातीशी धरून बसला होता. त्याला विचारायचं धाडस झालं नाही.

चॅट उडवू नका, भांडण झालं तरी. मी रागाच्या भरात अर्धं उडवलं. रोख दिली असेल तर त्या दिवशी बँकेतून काढल्याची नोंद आणि तिथे कसे गेलात त्याचं तिकीट, काहीही जपून ठेवा. घरी लगेच सांगा. फसलो हे मी हिला बारा दिवस उशिरा सांगितलं, ती मला पैशांबद्दल एक शब्द बोलली नाही, त्या बारा दिवसांबद्दल अजून बोलते.

ती खोली आता बंद आहे, क्लासची पाटीही नाही. पण तो निळा फोल्डर कुठेतरी आहे आणि त्यात चाळीस जणांचे कागद आहेत. एकट्याच्या अर्जाला ‘देवाणघेवाणीचा वाद’ म्हणतात, पाच-सहा अर्ज एकाच माणसाविरुद्ध आले की भाषा बदलते. तुमच्या अनुभवाच्या दाखल्यावर चहाचा गोल डाग पडलेला असेल आणि मूळ प्रत द्यायला तुम्ही वाशीला गेला असाल, तर लाजू नका. लाजण्याचा कोटा मी संपवलाय. ठाणे असो की नवी मुंबई, जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि अशीच तक्रार आधीही आलेली आहे, हे त्यात लिहा.