कोलकात्याचा ‘म्युझियम पास’: आमचे 13,020 गेले, तुमचे वाचवा

कोलकात्याची सगळी संग्रहालयं एकाच पासवर आणि वर सुंदरबनची बोट, असं पॅकेज कुणी मोबाइलवर पाठवलं तर एक रुपयाही देऊ नका.

आम्ही चौघं. पासचे माणशी 1,750 प्रमाणे 7,000, बोट आणि वनखात्याचा परवाना यांचा ॲडव्हान्स 4,400, निघायच्या आदल्या रात्री ‘जीएसटीचा फरक’ 1,620. पासवर क्यूआर कोड, राजमुद्रा, सगळं अगदी सरकारी थाटाचं.

आणि त्याच पीडीएफमध्ये छापलं होतं: सोमवारी इंडियन म्युझियम, व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं, नेताजी भवन. तिन्ही सोमवारी बंद असतात! बायकोनं विचारलंसुद्धा. तर पॅकेज विकणारा म्हणे, “मॅडम, ग्रुपला सोमवारी स्पेशल एंट्री असते, गर्दी नसते.” तिथंच फोन ठेवायला हवा होता, हे आठवलं की आजही डोकं फिरतं. पण विमान, हॉटेल सगळं ठरलेलं, बरोबर सत्तरीच्या सासूबाई. त्यांना रांगेत ताटकळत ठेवायचं नव्हतं, एवढ्यासाठीच तर जास्त पैसे मोजले. पैसे पाठवताना समोर कंपनीऐवजी कुणा माणसाचं नाव दिसलं तर तिथंच थांबा. आम्हालाही दिसलं होतं.

सोमवारी चौरंगी रस्त्यावर इंडियन म्युझियमचं बंद फाटक आणि त्या विकणाऱ्याचा फोनही बंद. सुंदरबनच्या बोटी सुटतात त्या गोदखालीला नेणारी गाडी आलीच नाही. मंगळवारी म्युझियमच्या खिडकीवर तिकीट काढलं, तर माणशी शंभराच्याही आत! 1814 सालचं, देशातलं सगळ्यात जुनं संग्रहालय. भरहुत स्तूपाचे कठडे बघायची केवढी इच्छा होती, आणि त्यांच्यासमोर उभा राहून मी बँकेच्या कॉल सेंटरशी भांडत होतो.

पोलीस ठाण्यात दीड तास बसवून सांगितलं, खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, तुमच्या गावी तक्रार करा. पुण्यात आलो तर म्हणे, तिकडं घडलंय, तिकडंच करायची. अहो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती नोंदवून घ्यायची! हे बोललो तर “तुम्ही वकील आहात का?” बँकेचं पालुपद, पैसे तुम्हीच पाठवलेत. मग त्या चोराला खातं कुणी उघडून दिलं? केवायसीचा जाच फक्त आम्हालाच?

पैसे गेले की आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, त्याच तासात. ठाण्याच्या पायऱ्या नंतर. यूटीआर नंबर (पैसे पाठवलेल्या व्यवहाराचा क्रमांक) लिहून घ्या, चॅटचे स्क्रीनशॉट काढा, त्या चोरानं मेसेज उडवायच्या आत. आणि सुंदरबनच्या परवान्याला ओळखपत्र लागतंच. ते न मागता परवान्याचे पैसे मागणारा खोटा. आमच्याकडे त्यानं एकदाही मागितलं नव्हतं.