दोन कॅनचं पाणी आणि साडेचार हजारांचं ‘नॅनो कोटिंग’

ज्यांच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे आणि धुतलेली गाडी वाळली की पांढऱ्या ठिपक्यांनी भरते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नागपूरच्या बेसा-मनीषनगर पट्ट्यात आमच्या आणि शेजारच्या सोसायटीत एकाच टोळीने एकाच पद्धतीने पैसे काढले. माणशी रक्कम लाखाची नाही, त्यामुळे जो तो ‘जाऊ द्या’ म्हणून गप्प बसतो. त्या पोरांचा धंदा चालतो तो याच ‘जाऊ द्या’वर.

एप्रिलमधला रविवार. सेक्रेटरींची परवानगी घेऊन दोन पोरांनी पार्किंगमध्ये टेबल मांडलं. अंगात छापील टी-शर्ट, टेबलावर बाटल्या, खाली पाण्याच्या दोन कॅन. डेमोसाठी त्यांनी माझी काळी गाडी निवडली. काळ्या रंगावर ठिपका लांबूनही दिसतो. बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली, डाव्या अर्ध्या भागावर स्प्रे मारून फडकं फिरवलं आणि दोन्हीकडे पाणी ओतलं. डावीकडे पाण्याचे मोती होऊन घरंगळले. उजवीकडे पाणी पसरून बसलं. बॉनेट तापलेलं होतं, काही मिनिटांत सगळं वाळलं. उजवीकडे पांढरे ठिपके, डावीकडे आरसा.

“काका, आता गाडी पुसाचीच नाही,” त्यातला बोलका पोरगा म्हणाला. “पाणी मारा अन् सोडून द्या. तीन वर्सं गॅरंटी. दाग राहिला तं पैसे वापस.”

या ‘नॅनो कोटिंग’चा भाव साडेसहा हजार, सोसायटीसाठी साडेचार. मी दिले, माझ्यामागे आणखी आठ जणांनी दिले. दुपारपर्यंत नऊ गाड्या उरकून पोरं गेली.

त्यानंतर धुतल्याधुतल्या गाडी जी दिसली, ती आधीपेक्षा वाईट. पूर्वी पातळ पांढरट थर यायचा, आता स्वच्छ कडा असलेली गोल गोल चकत्यांची नक्षी. फोन केला तर उत्तर तयार: “काका, तुमचं पाणीच खराब आहे, त्याले स्पॉट रिमूव्हर लागते.” तो बाराशेचा. आमच्यातल्या तिघांनी तोही घेतला. बाटलीवर लेबल नाही, झाकण उघडलं की नाकात झिणझिण्या. शेजारच्या देशपांडेकाकांच्या अलॉय व्हीलवर तो ओघळला आणि चाक तिथं कायमचं राखाडी पडलं, कारण तेज अ‍ॅसिड अ‍ॅल्युमिनियमला खातं.

बिंग फुटलं ते पोरांनी टेबलाखाली विसरलेल्या कॅनमुळे. वॉचमनने ती ठेवून घेतली होती. वरच्या मजल्यावरच्या एका मुलाकडे माशांचं टाकं आहे, म्हणून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा मीटरही आहे. त्याने सहज मीटर बुडवला. आमच्या नळाचं पाणी ९००च्या वर, आणि निळ्या झाकणाच्या त्या कॅनमधलं १०च्याही खाली. म्हणजे बॅटरीत घालतात तसं डिस्टिल्ड वॉटर. मग गेटवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज काढून पाहिलं: डावीकडे निळ्या झाकणाची कॅन, उजवीकडे पांढऱ्या झाकणाची. स्प्रे दोन्हीकडे मारला असता तरी निकाल तोच लागला असता, आणि कुठेच मारला नसता तरीही.

ठिपका म्हणजे काय हे माहीत असेल तर ही चलाखी चालत नाही. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातं, क्षार जागेवर राहतात. उन्हाळा संपताना कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा खडखडीत थर बसतो, तोच हा. डिस्टिल्ड पाण्यात मागे राहायला काही नसतंच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००मध्ये, टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालते. त्यामुळे पोटात गेलेलं चालणारं पाणी काळ्या बॉनेटला चालेलच असं नाही.

कोटिंगमुळे ठिपके वाढले, तेही नियमानेच. पाणी झटकणाऱ्या थरावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन उभं राहतं. उभ्या बाजूंवरून ते घरंगळतं, पण बॉनेट, छत, डिकीवर काही थेंब थांबतातच. मग एका थेंबातला सगळा क्षार एकाच टिकलीएवढ्या जागेत जमा होतो. चांगल्या दुकानातलं खरं सिरॅमिक कोटिंग असलं तरी हे टळत नाही. अशा कोटिंगमुळे घाण कमी चिकटते, गाडी पुसणं सोपं जातं, पण पुसावी लागतेच. ‘पुसायची गरज नाही’ असं कोणी म्हणालं की समजा, पुढचंही खोटं आहे.

खरं कोटिंग दहा मिनिटांत उन्हात होतही नाही. आधी गाडी नीट धुवायची, रंगात रुतलेली घाण क्ले बारने, म्हणजे मऊ मातीसारख्या वडीने, काढायची, बहुतेकदा पॉलिश करायचं, तेलकटपणा पुसायचा, मग सावलीत एकेक भाग घ्यायचा आणि झाल्यावर गाडी पाण्यापासून लांब ठेवायची. त्या पोरांनी धुळीच्या गाडीवर स्प्रे मारून तेच फडकं नऊ गाड्यांवर फिरवलं. माझ्या बॉनेटवर ट्यूबलाइटखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात, ती त्याच फडक्याची कमाई.

आता मी काय करतो ते सांगतो, खर्च फारसा नाही. धुणं पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, बॉनेट हाताला गार लागल्याशिवाय नाही. आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर सकाळी आठलाच पत्रा चटका देतो. शेवटचं पाणी प्रेशरने मारत नाही. पाइपचं नोझल काढून छतावरून संथ धार सोडतो. पाण्याची एकसंध चादर खाली उतरते आणि बरंचसं पाणी सोबत नेते. मग जाडसर मायक्रोफायबर टॉवेल ओल्या पत्र्यावर सपाट पसरायचा, दोन कोपरे धरून हळू ओढायचा. घासायचं नाही. जुनं बनियन नाही, टर्किश टॉवेल नाही. टॉवेल धुताना कपड्यांना सुवासासाठी घालतो ते कंडिशनर घालू नका, मायक्रोफायबर पाणी शोषेनासं होतं. आरशांच्या खाचा, दाराची हँडलं, नंबर प्लेट इथलं पाणी नंतर ओघळतं; तिथं छोटा ब्लोअर किंवा सोसायटीला एक चक्कर.

एसीच्या पाइपातून गळणारं पाणी बादलीत धरून, गाळून, शेवटचा हात त्याने मारतो. हवेतल्या बाष्पाचं पाणी ते, त्यात क्षार जवळजवळ नसतात. याच्या उलट आरओचं टाकाऊ पाणी. ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून कितीतरी जण त्याने गाडी धुतात, पण आरओने गाळलेले सगळे क्षार त्यातच असतात. ते फरशीला वापरा.

ठिपके पडलेच आणि ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून, सावलीत, गार पत्र्यावर मिनिट-दोन मिनिटं ओलं फडकं ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुऊन लगेच पुसायचं. नखाला खड्डा लागत असेल तर क्षाराने रंग खाल्लाय. ते काम पॉलिशवाल्याचं.

पैशांचं सांगतो. बिल मिळालं होतं, त्यावर जीएसटी नंबरही होता, २७ने सुरू होणारा, महाराष्ट्राचा कोड बरोबर. पण अक्षरं चौदा. खरा नंबर पंधरा अक्षरी असतो आणि जीएसटी पोर्टलवर कोणालाही तपासता येतो, पैसे देण्याआधी, तिथंच उभं राहून. डेमो दाखवत असतील तर आपल्या नळाची बादली आणून द्या आणि दोन्हीकडे तेच पाणी ओतायला सांगा. शेजारच्या सोसायटीतल्या एका वहिनींनी नंतर हेच केलं, तर पोरांनी “काकू, पाइप जोडून आणतो” म्हणत टेबल गुंडाळलं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. बिलावरचा पत्ता खोटा निघाला, फोन बंद आहे. नऊपैकी सहा जणांनी रोख दिले होते, त्यांच्याकडे दाखवायला काहीच नाही. आम्ही तिघांनी यूपीआयने दिले. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव त्या नोंदीत आहे. ती नोंद, कॅमेऱ्याचं फुटेज आणि निळ्या झाकणाची कॅन अर्जासोबत पोलीस ठाण्यात दिली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.