काळे यांचं ‘शाकुंतल’: चौथ्या अंकाआधी पहिला वाचा

मोरेश्वर रामचंद्र काळे यांनी संपादित केलेलं ‘अभिज्ञानशाकुन्तलम्’ मी संस्कृतच्या शिकवणीत वर्षानुवर्षं वापरते. मूळ नाटक, राघवभट्टांची ‘अर्थद्योतनिका’ ही संस्कृत टीका (म्हणजे भाष्य), इंग्रजी भाषांतर आणि भरपूर टिपा, सगळं एकाच पुस्तकात. परीक्षेपुरती गाइडं थेट चौथ्या अंकावर उडी मारतात. ‘तत्रापि च चतुर्थोऽङ्कः’, म्हणजे त्यातही चौथा अंक सरस, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं ना! माझ्या मते नाटकाचं मर्म पहिल्या अंकातल्या शिकारीत आहे.

मागे रथ लागलाय आणि हरीण मान वळवून पुन्हापुन्हा बघतंय. बाण लागेल या भीतीनं मागचं अंग पुढच्या अंगात शिरल्यासारखं आक्रसलंय. धाप लागून तोंड उघडं पडलंय, अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर सांडतायत. काव्यशास्त्रकार मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त भयानक रसाचं उदाहरण म्हणून हाच ‘ग्रीवाभङ्गाभिरामम्’ श्लोक दिला. हे वर्णन कालिदासानं घातलंय दुष्यंताच्याच तोंडी! जिवाच्या आकांतानं पळणारं ते जनावर त्याला देखणं दिसतंय. हातात धनुष्य असलेल्याची नजर इतकी अचूक पकडलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

मग तपस्वी आडवा येतो: ‘आश्रममृगोऽयं, न हन्तव्यो न हन्तव्यः’. हे आश्रमाचं हरीण, मारू नकोस. तुझं शस्त्र पीडितांना राखायला आहे, निरपराधावर चालवायला नाही. राजा निमूट बाण उतरवतो.

आता एकदम पाचवा अंक काढा. शकुंतला भर दरबारात उभी आहे आणि दुष्यंत तिला ओळखत नाही. ओळख पटावी म्हणून ती दीर्घापांग नावाच्या हरणाच्या पाडसाची आठवण त्याला सांगते. तुमच्या हातून त्यानं पाणी घेतलं नाही, माझ्या हातून घेतलं. तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, जो तो आपल्या गणगोतावरच विश्वास टाकतो, तुम्ही दोघंही रानातलीच. शाप आहे, अंगठी हरवली आहे, सगळं मान्य. तरी इथे मला दर वेळी भरून येतं. हरणासाठी थांबलेला बाण तिच्यासाठी थांबत नाही. तिला पोचवायला आलेला कण्वांचा शिष्य शार्ङ्गरव राजावर संतापतो खरा, पण तिला तिथेच टाकून निघतो.

आणि सातव्या अंकात तिचाच मुलगा सिंहाच्या छाव्याला ओढून म्हणतो, जांभई दे, तुझे दात मोजतो!

राघवभट्ट शब्दाशब्दाला थांबवतात, म्हणून हे धागे हाती लागतात. घाईत वाचून संपवायचं असेल तर टीका जड जाईल. टिपा इंग्रजीत आहेत, त्यामुळे मराठी माध्यमातल्या मुलांना सुरुवातीला शेजारी बसून समजावून द्यावं लागतं. संस्कृत अजिबात येत नसेल तर आधी एखादा मराठी अनुवाद वाचा. बी.ए., एम.ए.च्या मुलांनी मात्र दुसरं काही शोधत बसू नये, हेच घ्यावं.